वन्सं आणि कप्तानाचं जेवण

या जगात माणसांपेक्षा कपड्यांवर जास्त अन्याय होतो आणि तो करणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे आहे, असं ठामपणे मानणारी एकच व्यक्ती मला आयुष्यात भेटली. ती नेमकी माझी नणंद निघावी, हा माझ्यावरचा अन्याय. त्याची दाद मी आजवर कुणाकडे मागितली नाही, म्हणून आता कागदावर मागते आहे. आमच्या वन्सं पनवेलच्या एका मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवणाच्या बाई होत्या. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "बघायला आले त्यातल्या एकाचीही कॉलर सरळ नव्हती." निवृत्त झाल्यावर त्या आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरच्या एका खोलीत शिलाई मशीन मांडून राहिल्या आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. म्हणजे दिसायला आम्ही वर होतो, पण हुकूम खालून सुटायचे.

सकाळी मी गॅलरीत धुणं वाळत घातलं की पाचव्या मिनिटाला अंगणातून आवाज यायचा, "शैला, त्या शर्टाला खांद्याला चिमटे लावून फाशी दिली आहेस का? खालून टांग!" सगळी बिल्डिंग ऐकायची. मी शर्ट उलटा करायची, मनातल्या मनात काय काय बोलायची ते इथे लिहीत नाही. एसटी स्टँडवर उभ्या राहिल्या तर पुढच्या अनोळखी माणसाची दुमडलेली कॉलर सरळ करत. तो दचकून वळला की त्याच्याकडेच रागाने बघत, जणू त्यानेच यांच्या मानेला हात लावला होता. शाळेच्या गॅदरिंगला आलेल्या प्रमुख पाहुण्यांच्या कोटाच्या बटणाला दोरा लोंबत होता, तर यांनी भर भाषणात स्टेजवर जाऊन तो दातांनी तोडला आणि परत जागेवर येऊन बसल्या. पाहुण्यांचं भाषण तिथेच संपलं. वन्संचं म्हणणं, "नाहीतरी फार लांबत होतं."

त्यांच्या स्वतःच्या साड्या मोजून पाच. सगळ्या सुती, राखी नाहीतर बदामी, बोटभर काठाच्या. पदर कमरेला असा घट्ट खोचलेला की तीस वर्षांत त्यांच्या पदरावर काय नक्षी आहे हे कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे या बाईला रंगाची, नटण्याची मुळीच आवड नाही हे आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि ठरवलं की पुन्हा विचारायची गरज उरत नाही.

नव्वदनंतरच्या दिवसांतली गोष्ट. आमच्या ह्यांचं पाण्याच्या पंपांचं दुकान. त्या वर्षी पंप इतके खपले की कंपनीने ह्यांना सपत्नीक सिंगापूरची सहल दिली आणि तिथून तीन रात्री मोठ्या बोटीवर. सोबत एक छापील कागद आला होता. त्यात लिहिलं होतं की दुसऱ्या संध्याकाळी कप्तानाबरोबर जेवण आहे आणि त्याला फॉर्मल पोशाख सक्तीचा आहे. वन्संनी तो कागद दोनदा वाचला. "सक्तीचा? एरवी काय आपण टॉवेल गुंडाळून जेवतो?" एवढं म्हणून त्यांनी चष्मा पुसला आणि जाहीर केलं की बॅग त्या भरणार. मी कोण? मी फक्त जाणार होते.

ह्यांचा सूट शिवून आला आणि पंधरा दिवस आमच्या घरात सुटाचं राज्य सुरू झालं. बसल्यावर तो कुठे चुरगळतो हे कळायला हवं, म्हणून ह्यांना तीन दिवस कोट घालून पिठलंभात जेवायला लावलं. समोर वन्सं बसलेल्या. "बाळ्या, वाकू नकोस. घास तोंडाकडे आण, तोंड घासाकडे नको." हे घामाने निथळत जेवत होते आणि मला म्हणत होते, "तूच सांग ना तिला." मी? ज्या बाईने प्रमुख पाहुण्यांना सोडलं नाही तिला मी सांगणार! मग कोटाच्या बाह्या चपट्या पडू नयेत म्हणून त्यांत काहीतरी भरणं आलं. माझ्या कपाटात हळदीकुंकवांतून साठलेले ब्लाउजपीस होते, ते सगळे गोल गुंडाळून त्यांनी दोन्ही बाह्यांत कोपरापर्यंत ठासले. सुटकेस ही वस्तू कपड्यांच्या वैऱ्याने शोधून काढली आहे असं त्यांचं मत. त्यामुळे त्या नव्याकोऱ्या बॅगेवर त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटने हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "उभी करू नये." मी म्हटलं, "वन्सं, सिंगापूरच्या हमालाला मराठी कसं येणार?" त्या म्हणाल्या, "हमालाला अक्कल तर येत असेल?"

या सगळ्यात माझी एक वस्तू होती आणि माझा सगळा जीव त्या एका वस्तूत होता. दादरहून आणलेली डाळिंबी रेशमी साडी, शेवाळी काठाची. नवी साडी आली की आपण आधी दुसऱ्या कुणाला तरी घडी मोडायला देतो. आपल्या जवळच्या बाईने ती एकदा नेसावी, मग आपण. मी ते वर्षानुवर्षं करत आले होते. समोरच्या देसाई वहिनी, माझ्या थोरल्या जाऊबाई, इतकंच काय, आपटा गावाहून टोपली घेऊन येणारी भाजीवाली, सगळ्यांनी माझ्या साड्यांच्या घड्या मोडल्या होत्या. पण या साडीच्या बाबतीत मी मनाशी पक्कं केलं होतं. हिची घडी मीच मोडणार आणि तीही बोटीवर, कप्तानाच्या जेवणाला, मुंबई-पुण्याच्या डीलरांच्या बायकांसमोर. देसाई वहिनींनी सुचवून पाहिलं, जाऊबाई तर फुगून बसल्या, पण मी बधले नाही. साडी फक्त फॉल लावायला वन्संकडे खाली दिली. तीन दिवसांनी ती मलमलच्या कापडात गुंडाळून, वर टाके घालून बॅगेत गेली. "आता बोटीवरच उसव," वन्संनी बजावलं. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल चक्क माया वाटली होती.

निघायच्या दिवशी टॅक्सी आली. सूट बॅगेत गेला नव्हताच. विमानतळापर्यंत तरी त्याला मोकळं जाऊ दे, असा वन्संचा आग्रह. मागच्या सीटवर चादर अंथरून त्यावर सूट आडवा निजवला गेला. ड्रायव्हर जवळच्या गावातला. त्याने एकदा सुटाकडे आणि एकदा आमच्याकडे पाहिलं. "आवो बाई, कोट मागं झोपलाय, मंग मान्सं बसनार कुटं? जागा नाय."

"माणसांना चुण्या पडत नाहीत," वन्सं म्हणाल्या.

हे पुढे बसले. मागे सुटाच्या डोक्याशी वन्सं, पायाशी मी, अर्धी सीटवर आणि अर्धी दाराच्या कडीवर. वाशीचा पूल येईपर्यंत माझा डावा पाय माझा राहिला नव्हता. विमानतळाच्या दारात वन्संनी स्वतःच्या हाताने सूट बॅगेत निजवला, बॅग बंद केली आणि ह्यांच्याकडे बघून डोळ्यांना रुमाल लावला. त्या भावासाठी रडत होत्या की सुटासाठी, ते मला अजून कळलेलं नाही.

सिंगापूरला व्हायचं तेच झालं. बॅग पट्ट्यावरून उभी आली. तपासणीच्या अधिकाऱ्याला कोटाच्या बाह्या संशयास्पद वाटल्या. त्याने हात घालून एक ब्लाउजपीस ओढला, मग दुसरा, मग तिसरा. मागे अख्ख्या महाराष्ट्रातले पंपवाले रांगेत उभे. अकराव्या ब्लाउजपीसनंतर तो माणूस थकला आणि त्याने हात जोडले. हे माझ्याशी बोटीवर चढेपर्यंत बोलले नाहीत, जणू बाह्या मी भरल्या होत्या! हे सगळं मी गिळलं. मला फक्त माझी साडी दिसत होती.

दुसऱ्या संध्याकाळी केबिनमध्ये मी टाके उसवले, साडी उलगडली आणि जागच्या जागी बसले. घडी मोडलेली होती. फॉलसाठी साडी उघडावी लागते हे मलाही कळतं, पण इथे निऱ्यांच्या खुणा होत्या. चार-चार बोटांच्या, मोजपट्टीने आखल्यासारख्या, बारीक आणि एकसारख्या. अशा निऱ्या पनवेलमध्ये एकच बाई घालायची. खांद्याशी पिनेची दोन भोकं होती, आणि शिवणाच्या वर्गातल्या जाडजूड पिनेशिवाय एवढी मोठी भोकं दुसऱ्या कशानेही पडत नाहीत. माझा नुसता संताप झाला. रुमालाला जास्तीची घडी पडली तर जी बाई आकाशपाताळ एक करते, तिने माझी साडी नेसावी? चोरून? मी ह्यांना म्हटलं, "परत गेले की तुमच्या बहिणीला मी सोडणार नाही." ह्यांनी आरशात कॉलर सरळ केली. जेवणाला जायचं होतं. रेशमाला आणखी भोकं कशाला, म्हणून मी माझी पिन त्याच दोन भोकांतून घातली. वन्सं काडीसारख्या आणि मी अशी, त्यामुळे निऱ्या तीन कमी आल्या. पदर मात्र पार पोटरीपर्यंत लांब आला. माझ्या रागातही ते मला खटकलं. कायम पदर खोचून वावरणाऱ्या बाईने एवढा लांब पदर कुणासाठी सोडला होता?

कप्तानाच्या जेवणात काय होतं ते मला आठवत नाही. मी सगळा वेळ भांडणाची तयारी करत होते.

घरी आलो तर वन्सं बॅग उघडायला हजरच. साडी हातात घेऊन उसळल्या, "ही घडी? गोधडी बांधलीस का?"

"घडी कशीही असो," मी म्हटलं, "ती आधीच मोडलेली होती. तुम्ही मोडलीत."

मला वाटलं, नाकबूल करतील. त्यांनी साडी मांडीवर ठेवली. "हो, मोडली. दार लावून नेसले. अर्धा तास आरशासमोर उभी राहिले आणि परत घडी घातली. मग?" त्यांचा आवाज चढला. "इतकी वर्षं तुझ्या एकूण एक साडीला फॉल मी लावला. नेसायला गेली कुणाकडे? देसाईणीकडे. थोरलीकडे. ती भाजीवाली तर तुझी साडी नेसून मला दाखवायला खाली आली होती, 'बाय, कशी दिसतंय मी?' म्हणून. मी म्हटलं, छान दिसतेस. तुला एकदा तरी वाटलं का गं, की खाली बसलेली ही बाईपण साडी नेसते?"

"तुम्हाला रंग आवडत नाहीत असं वाटलं," मी कसंबसं म्हटलं.

"मला चुरगळलेलं आवडत नाही. रंगांनी माझं काय वाकडं केलंय?"

बोटीवर पाठ केलेलं एकही वाक्य मला आठवेना. जवळच्या बाईने घडी मोडायची म्हणून मी साडी घेऊन गावभर फिरत होते आणि रोज जिच्या डोक्यावर नांदत होते तिला विचारलं नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. मी खाली मान घालून त्यांच्या मांडीवरची साडी आणखी त्यांच्याकडे सरकवली. त्या म्हणाल्या, "आधी हात धू. तेलकट आहेत."

त्यानंतर माझी प्रत्येक नवी साडी पहिल्यांदा तळमजल्यावर गेली. त्या रंगाला नावं ठेवत, काठाला नावं ठेवत, मला नावं ठेवत, आणि दुसऱ्या दिवशी ती नेसून एसटी स्टँडपर्यंत उगाच जाऊन येत. पदर खोचलेला नसे. डाळिंबी साडी तर दोघींचीच झाली. ती कधी त्यांच्या कपाटात असे, कधी माझ्या.

वन्संना जाऊन आता बरीच वर्षं झाली. धुणं वाळत घालताना मी अजून शर्ट खालून टांगते आणि खालून आवाज येत नाही याचा मला राग येतो, खरंच राग येतो. सणावाराला डाळिंबी साडी काढते. निऱ्या आता तीन नाही, पाच कमी येतात, पदर पोटरीवर लोळतो आणि सुनेला वाटतं, सासूबाईंना साडी नीट नेसता येत नाही. वाटू दे. इतक्या वर्षांत आम्ही दोघी ती साडी कितीदा नेसलो असू, पण तिच्या खांद्याशी अजूनही दोनच भोकं आहेत.