बोल्टाखालचा रंग

मावशींचं तोंड म्हणजे तोफखाना. त्या गाड्यांच्या वायरिंगचं काम करायच्या, आणि शेडवर आलेलं गिऱ्हाईक गाडीआधी स्वतःच दुरुस्त होऊन जायचं. "बॅटरीत पाणी कधी घातलं होतंस? गेल्या जन्मी?" शेडच्या दुसऱ्या अर्ध्या भागात त्यांचे यजमान गाड्या रंगवायचे. त्यांना सगळे पेंटर म्हणत. दोघांचं तीस वर्षं कडाक्याचं भांडण चालू होतं आणि संसार झकास चालला होता.

मग पेंटरना झटका आला. उजवा हात लुळा पडला. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात, ते दोघांनी वर्षभर घरात बसून पाहिलं. डॉक्टरांनी मावशींना बाजूला घेऊन बजावलं होतं, "ह्यांच्या मनाला लागेल असं काही बोलू नका." झालं! त्या दिवसापासून मावशींच्या तोंडाला कुलूप. पेंटरनी चहा सांडला, तर "असू दे हो." स्वतःच्या चष्म्यावर बसून तो मोडला, तर "जुनाच होता, बरं झालं." शेजारणीसुद्धा काळजीत पडल्या.

गेल्या महिन्यात हात चालायला लागला आणि पेंटरनी वर्षातली पहिली गाडी रंगवली. निळी. रोज थोडी थोडी, मध्ये मध्ये बसून, हात चोळत. रंग असा उतरला की त्यात बघून भांग पाडावा. त्या रात्री पेंटर शीळ घालत जेवायला बसले, आणि मावशींना वर्षात पहिल्यांदा पोटभर जेवण गेलं.

चार दिवसांनी तीच गाडी परत आली. तिचा ड्रायव्हर पेशंटना डायलिसिसला न्यायचा, पहाटे पाचपासून. "मावशी, हेडलाइट लुकलुकतात. दोन्ही. नवे बल्ब टाकले तरी तेच. आजच बघा, माझी माणसं अंधारात बसवून न्यायची का मी?"

"दोन्ही दिवे एकदम कसे मरतील रे? चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी त्याला चहाला पिटाळलं. शटर अर्धं ओढलं, दिवे लावले. भिंतीवरचे दोन उजेडाचे गोळे थरथरत होते. बॅटरीची टोकं घट्ट होती. इंजिन चालू करून मीटर लावला, चार्जिंग ठीक. दिव्यांना वीज सोडणारा रिले बदलून पाहिला, तरी थरथर तशीच. मग त्यांनी मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी दिव्याच्या काळ्या वायरला. काटा शून्याजवळ राहायला हवा होता, तो तीन व्होल्टपर्यंत चढला. म्हणजे वीज दिव्यात जात होती, पण परत यायला तिला धड रस्ता नव्हता.

काळ्या वायरी जिथे पत्र्याला कसतात तो बोल्ट त्यांनी खोलला. खाली गुळगुळीत, चकाचक निळा रंग. रंगातून वीज जाते होय? तीस वर्षं पेंटर रंग मारण्याआधी बोल्ट काढून त्या जागेवर न चुकता चिकटपट्टी लावत आले होते. या वेळी विसरले होते.

आत्ता कुठे माणूस उभा राहिला होता. हे कळलं तर पुन्हा खुर्चीत जाऊन बसेल, पुन्हा ब्रशला हात लावणार नाही. त्यांनी ठरवलं, गुपचूप दुसरी वायर ओढून थेट बॅटरीला जोडायची आणि रिले गेला होता म्हणून सांगायचं. पण पलीकडे दोन गाड्या रंगाची वाट बघत होत्या. त्यांतही चिकटपट्टी विसरली तर? मावशी वायर हातात धरून नुसत्याच उभ्या राहिल्या.

तेवढ्यात पेंटर आले. "काय निघालं?"

"काही नाही हो. रिले."

"बरं." पेंटरनी बॉनेटवरून हात फिरवला. "पण सांभाळून कर. तुझ्या पान्याचा ओरखडा आला तर याद राख. हातापायाचं भान नसतं तुला."

मावशींचा तोल गेला. "मला भान नसतं? मला? आणि अर्थिंगच्या बोल्टाखाली रंग कोणी फासला? चिकटपट्टी काय जेवणाबरोबर खाल्लीत? डोळे मिटून काम करता का, अहो?"

मावशींनी तोंडावर हात दाबला. पेंटर खाली वाकले, तो निळा ठिपका बराच वेळ बघत राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"वर्षभर तू माझ्याशी असं गोड गोड बोलत होतीस," ते म्हणाले, "मला वाटायचं, डॉक्टरांनी हिला सांगून टाकलंय. आपलं काही खरं नाही. रात्र रात्र झोप नव्हती मला."

"अहो, काय बोलता हे!" मावशी रडायलाच लागल्या. "ते एवढंच म्हणाले होते की तुम्हाला ओरडायचं नाही."

"मग तो डॉक्टर बदल."

पेंटरनी पॉलिशपेपर घेतला आणि उजव्या हातानेच घासायला सुरुवात केली. पत्रा लख्ख दिसायला लागला. मावशींनी बोल्ट कसला, दिवे लावले. भिंतीवरचे गोळे जागच्या जागी स्थिर राहिले. पेंटर मात्र बोल्टाच्या बाजूचा चांगला रंगही आनंदाने घासतच होते.

"अहो, पुरे! अख्खी गाडी सोलता का आता?" मावशी कडाडल्या.

पेंटरनी हात थांबवला. "काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं. "पुन्हा म्हण बघू."