दाट काढा

गल्लीत तिला सगळे काढेकाकू म्हणत. खरा धंदा इस्त्रीचा. दुकानात एका अंगाला कपड्यांचे गठ्ठे, दुसरीकडे शेगडीवर आलं, मिरी, दालचिनी आणि ज्येष्ठमध घालून उकळत ठेवलेलं पातेलं. सर्दीतापाची साथ आली की शर्ट न्यायला आलेलं माणूस काढ्याची बाटलीही भरून नेई. घसा मोकळा होतो, इतकंच ती सांगे. लोकांनीच त्याचं अमृत करून टाकलं होतं, आणि तिलाही ते कौतुक गोड लागे, खोटं कशाला बोला!

तिचा दीर रंगारी. लग्न केलं नाही, भावाकडेच राहिला. जिभेला हाड नाही. या काढ्याची चव बघूनच ताप पळतो, असं म्हणत नाक धरून प्यायचा. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र रोज मुकाट्याने घ्यायचा.

त्या वर्षीची साथ वेगळी होती. समोरच्या घरातल्या गाणं शिकवणाऱ्या बाई रोज बाटली नेत. एका सकाळी त्यांना स्ट्रेचरवरून नेलं, त्या परत आल्या नाहीत. आणि त्याच आठवड्यात दीर कामावरून लवकर आला, अंगात कणकण घेऊन.

नवरा ट्रक घेऊन परगावी गेलेला. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर दिराने हसण्यावारी नेलं. घरात वैद्य असताना बाहेर कशाला जायचं? एरवी तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं असतं. आता तिला समोरच्या बाईंचं स्ट्रेचर आठवलं. आणि भीतीपोटी तिने नेमकं नको ते केलं. ज्येष्ठमध मुठीने टाकलं, पातेलं आटवून काढा दाट केला आणि घटकेघटकेला पेला त्याच्या तोंडाला लावू लागली. गिऱ्हाइकाचा शर्ट इस्त्रीखाली जळाला, तेही तिला वासाने कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पाणी मागू लागला आणि शब्द मध्येच तुटला. ती थांबली, आता काहीतरी चेष्टा करील म्हणून. तो बोललाच नाही. ओठ काळेनिळे, खांदे श्वासाबरोबर वरखाली. ती अनवाणी धावत शेजारच्या सुताराकडे गेली आणि त्याच्या टेम्पोत घालून दिराला इस्पितळात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठली औषधं चालू आहेत? रक्तदाबाच्या गोळ्यांचं तिने सांगितलं. आणखी काही? सांगावं तर लोक म्हणतील, हिनेच दिराला घालवलं. बाई वाट बघत उभ्या होत्या. आत दिराच्या छातीला तारा लावत होते.

"काढा दिला," ती कशीबशी म्हणाली. "ज्येष्ठमधाचा. दाट करून."

बाईंनी लगेच नर्सला रक्तातलं पोटॅशियम तपासायला सांगितलं. मग तिला बाकावर बसवलं.

"सांगितलंत ते बरं केलंत. त्यांच्या गोळ्या आणि इतकं ज्येष्ठमध एकत्र आलं की पोटॅशियम उतरतं, हृदयाचे ठोके चुकतात."

"म्हणजे हे माझ्यामुळे?"

"फुप्फुसं विषाणूने धरलीत. काढ्याने विषाणू मरत नाही, घशाला आराम पडतो फार तर. ठोक्यांचं विचाराल, तर हो, त्यात काढ्याचा हात आहे."

त्या बाकावर तिने काय काय सोसलं ते तिलाच ठाऊक. दार उघडलं की ती उठून उभी राही. गाणं शिकवणाऱ्या बाईही कसल्या गोळ्या घेत असतील का, हा विचार तिथेच आला आणि मानगुटीवर बसला. पुढे बाईंच्या बहिणीला विचारायचं तिने कितीदा ठरवलं. दारापर्यंत जाऊन परत आली.

दीर वाचला. पार चिपाड होऊन घरी आला, आल्या आल्या म्हणाला, "वहिनी, तुमचा काढा भलताच जोरदार निघाला." ती हसली नाही. पदर तोंडाला लावून मोरीत जाऊन बसली. त्याने पुन्हा तो विनोद केला नाही.

पातेलं अजून शेगडीवर असतं. ज्येष्ठमध गेलं, आलं राहिलं. बाटली भरण्याआधी ती विचारते, गोळ्या चालू आहेत का, दम लागतो का? हो म्हटलं की बाटली रिकामीच परत. काहींना राग येतो. एक जुनं गिऱ्हाईक तर म्हणालं, "काकू, तुमचाच विश्वास उडाला होय?"

"घशापुरता आहे की," ती म्हणाली. "त्यापुढचं मला नाही कळत. तुम्ही आधी दवाखान्यात जा."