डाळगिरणीच्या बसचं नवं इंजिन

आमची बस म्हणजे लिलावात निघालेली जुनी एस.टी. नवऱ्याने ती घेतली, सीटं काढून टाकली आणि मागच्या अर्ध्या भागात डाळीची गिरणी बसवली. गिअरबॉक्समधून एक लोखंडी दांडा मागे नेला, त्याला पट्टा, आणि पट्ट्यावर गिरणी. म्हणजे ज्या इंजिनावर बस पळायची त्याच इंजिनावर डाळ निघायची. तूर घरात आली की उन्हाळा सरेपर्यंत आम्ही दोघं मुखेड, जळकोट, उदगीरच्या बाजूने गावोगाव फिरायचो. पावसाळ्यात दिरांच्या घरी आमची एक खोली होती, तिथे परत जायचो.

गावात बस उभी राहिली की बाया तूर घेऊन यायच्या. तेल-पाणी लावून, उन्हात वाळवून ठेवलेली तूर. मी मागे उभी राहून ती गिरणीत ओतायची, खाली डाळ धरायची, टरफल बाजूला करायचं. नवरा पुढे ड्रायव्हरच्या जागेवर, गिरणीकडे पाठ करून. त्याच्या हाताशी एक दट्ट्या होता. तो जेवढा ओढावा तेवढ्या वेगाला इंजिन धरून ठेवायचं. सगळी करामत त्या दट्ट्याची. वेग कमी पडला तर टरफल सुटत नाही. जास्त झाला तर डाळ फुटते, चुणी होते, आणि चुणी कुणी वरणाला घेत नाही, म्हशीपुढे टाकतात. आमच्या गिरणीत चुणी फार पडायची नाही म्हणूनच बाया आमची वाट बघायच्या.

आणखी एका गोष्टीसाठी नवऱ्याचं नाव होतं. गिरणी चालू करण्याआधी ते चप्पल काढायचे आणि अनवाणी पाय समोरच्या पत्र्यावर टेकवून बसायचे. बाया म्हणायच्या, अन्न दळताना पायात काही घालत न्हाईत, देवमाणूस हाय. आमच्या घरात सकाळी विभूती मी हातावर ठेवली तर लावणारा हा माणूस, नाही ठेवली तर तसाच चहाला बसणारा. पण लोक आपल्या नवऱ्याला देवमाणूस म्हणत असतील तर कोणती बायको मध्ये पडेल? मीही तसंच सांगू लागले. पुढे पुढे तर बसमध्ये चढणाऱ्या सगळ्यांनाच मी चपला खाली काढायला लावायची.

ते बोलायचे कमी. विचारलं तर "हाव" एवढाच होकार, नाही विचारलं तर तेही नाही. मुलगी लातूरला दिली, ती माहेरपणाला आली की म्हणायची, आई, बाबांना कमी ऐकू येतंय का बघ एकदा. मी म्हणायचे, बायकोचं कुठल्या पुरुषाला ऐकू येतं? ती हसायची, मीही हसायची. रस्त्यावर मागून हॉर्न वाजवून वाजवून लोक शिव्या देत पुढे जायचे, हे आपले डाव्या बाजूने निवांत. किती शांत माणूस, असं मी चारचौघात सांगितलेलं आहे.

मला त्या बसचा कंटाळा आला होता. कंटाळा हा शब्द लहान आहे, पण दुसरा सापडत नाही. काम जड होतं म्हणून नाही. मला दुसऱ्याच्या न्हाणीत अंघोळ करायचा वीट आला होता. आज या गावात पाटलांच्या घरी, उद्या त्या गावात कुणा ओळखीच्या बाईकडे. त्यांची बादली, त्यांचा तांब्या, दाराला कडी असेल तर नशीब, नाहीतर लुगड्याचा आडोसा. बाहेर त्यांच्या सुना खोळंबलेल्या. बाया चांगल्या होत्या, कुणी कधी नाही म्हटलं नाही. पण अर्धं आयुष्य घाईघाईत अंगावर पाणी घेतलं मी. दिरांकडे गेलं तरी तीच गत, तिथे जावेचं राज्य.

मुलीचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. जळकोटहून मुखेडकडे येताना मी नवऱ्याच्या मागच्या पेटीवर बसले होते. मनाचा हिय्या करून म्हणाले, मला एका जागी राहायचंय. मुखेडात दोन खोल्या बघू. आपली न्हाणी असावी, आतून कडी लावून सावकाश अंघोळ करावी, एवढंच. गिरणी काय, जागेवर बसवली तरी चालेल. त्यांनी समोरच्या आरशात माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हाव."

मी एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगत नाही. माझा स्वभावच तसा. मागून मागून मिळालेल्या गोष्टीची मला किळस येते. हाव म्हणालेत ना, मग करतील, असं म्हणून मी थांबले. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. त्यांनी विषय काढला नाही. मग मीही काढला नाही. आधी राग होता. रागात निदान भांडी तरी आपटता येतात. नंतर तोही राहिला नाही. मी तूर ओतत होते, डाळ भरत होते, जेवत होते, झोपत होते. ते काही विचारायचे तर मी मान हलवायची. आमचं बरं चाललंय असं सगळ्यांना वाटायचं, आणि वाईट असं काही चाललंही नव्हतं.

मग इंजिन गेलं. धूर टाकायला लागलं, डिझेलसोबत ऑइलही प्यायला लागलं, चढाला बस मागे यायला बघायची. मला आत कुठेतरी वाटलं, बरं झालं, आता आपोआप थांबेल. नवरा एकटाच नांदेडला जाऊन आला. आल्यावर म्हणाला, एक इंजिन मिळालंय, अपघातात मोडलेल्या ट्रकाचं हाय, पण नव्यासारखं. आमच्या गाठीला जे काही होतं, जे मी मनात जागेसाठी धरलं होतं, ते त्यात जाणार होतं. मी ऐकून घेतलं आणि भाकरी टाकायला बसले. तव्यावरची भाकरी फुगली, ती मी उतरवली, दुसरी टाकली. एवढंच आठवतं.

नांदेडला गॅरेजवर मीही गेले, कारण फोन माझ्याकडे असायचा आणि माणसांशी बोलायचं काम माझं होतं. तीन पायांच्या लोखंडी तिकाटण्याला साखळी टांगून मिस्त्रीने जुनं इंजिन वर उचललं. त्याच्या जागी मोठं काळं भोक दिसलं, खालची जमीन दिसली, त्यावर सांडलेलं तेल दिसलं. नवरा कडेला उभा राहून बघत होता, कुणाला तरी दवाखान्यात भरती केल्यासारखा. मी स्टुलावर बसून होते. नवं इंजिन बुटकं होतं पण ताकदीचं होतं, टर्बोचं. ते सरळ बसलं नाही. त्याची भोकं जुन्या गिअरबॉक्सच्या भोकांना जुळेनात, म्हणून मध्ये घालायला जाड लोखंडी प्लेट लेथवर कापून आणावी लागली. रेडिएटर पुढे सरकवला. सायलेन्सरचा पाइप कापून वळवला. ज्या पायांवर इंजिन बसतं ते वेल्डिंगने नवीन केले आणि त्याखाली मोठमोठे रबर घातले. मिस्त्री हौशी माणूस. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सडला होता तोही त्याने बदलला आणि वर जाडजूड रबरी मॅट अंथरून दिली, आपणहून.

चालू केलं तेव्हा मला म्हणाला, चाची, चालू इंजिनावर चहाचा कप ठेवा, सांडला तर मला बोला. खरंच बस नुसती श्वास घेतल्यासारखी वाजत होती. नवऱ्याने दोनदा खाली वाकून इंजिन चालू आहे का ते बघितलं. मिस्त्री हसला, मीही हसले. नवरा हसला नाही.

पहिलं गाव जळकोटच्या पलीकडचं. दरवर्षी पहिली तूर जिची असते ती म्हातारी तिथे नातीच्या डोक्यावर पाटी देऊन आली. नवऱ्याने चप्पल काढली, मॅटवर पाय टेकवले, दट्ट्या ओढला. मी तूर ओतली. खाली आलं ते पाहून मला वाटलं गिरणीत काही अडकलंय. निम्मी चुणी. मी ओरडले, कमी करा. त्यांनी आणखी ओढला. मी पुन्हा ओरडले. गिरणीच्या पत्र्यावर दगडाने ठोकलं. पारावरची कुत्री उठली, दोन घरांतून बाया बाहेर आल्या, आणि हे समोर बघत बसलेले, पाय मॅटवर सारखे पुढे-मागे करत, अंधारात चप्पल शोधावी तसे.

मी गिरणीचा पट्टा सोडवला आणि पुढे गेले. त्यांच्या अगदी मागे उभी राहिले. इंजिनाचा आवाज म्हणावा असा आवाजच नव्हता, त्यामुळे ओरडायची गरज नव्हती. का ते मला अजून सांगता येत नाही, पण मी साध्या आवाजात म्हणाले, "अवो, गाडी पेटली."

त्यांनी आरशात माझ्याकडे पाहिलं, मान हलवली.

"हाव," म्हणाले.

मी हात लांब करून इंजिन बंद केलं. म्हातारीला सांगितलं, नवं इंजिन अजून रुळायचंय, तुझ्या तुरीच्या बदल्यात आमची डाळ घेऊन जा. ती बिचारी घेऊन गेली. बाकीच्या बायांना दुपारनंतर या म्हटलं. मग मी बसचं दार लावलं आणि त्यांच्या समोर, इंजिनावरच्या झाकणावर जाऊन बसले. तोंडासमोर तोंड. हळू म्हणाले, "तुमाला ऐकू येत न्हाई."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. इतकी वर्षं मला वाटायचं, हा माणूस बोलताना डोळ्याला डोळा देत नाही.

"पायानं कळायचं," ते म्हणाले. "जुन्या इंजिनाचं सगळं तळव्याला कळायचं. डाळ फुटायला लागली की पत्रा येगळा थरथरायचा. आता काईच न्हाई. मेल्यावानी बसलंय."

मी विचारलं, सांगितलं का नाही. ते म्हणाले, बहिऱ्याच्या गिरणीत तूर कोण घालंल, आन् बहिऱ्याला गाडी कोण चालवू दील. तू तर घाबरून माहेरीच गेली असतीस. हे शेवटचं ते जरा हसून म्हणाले. मी हसले नाही. माझ्या मनात देवमाणसाचे अनवाणी पाय होते, आणि मी किती जणांना चपला काढायला लावल्या होत्या ते होतं. हसू यायला हवं होतं. रडू तरी.

मग विचारलं, कवापासून. ओठ नीट हलवून विचारलं.

"पोरीच्या लग्नाआधीपास्नं कमी झालं होतं," ते म्हणाले. "लग्नात वाजंत्री वाजून राहिली हे मला लोकांच्या हातांकडं बघून कळलं. मागून कुणी बोललं तर कायच न्हाई. आरशात तुझं तोंड हालताना दिसायचं. मी हाव म्हणायचो. तू कधी तक्रार केली न्हाईस, मला वाटलं बराबर चाललंय."

जळकोट-मुखेडचा रस्ता, ती पेटी, तो आरसा, सगळं माझ्यासमोर आलं आणि तसंच निघून गेलं. एवढी वर्षं मी ज्या माणसावर मुकाट्याने रुसले होते त्याला मी रुसलेय हेही ठाऊक नव्हतं. त्याने माझं म्हणणं धुडकावलं नव्हतं. ते त्याच्यापर्यंत गेलंच नव्हतं. मला वाटलं होतं, हे कळलं तर छाती फुटेल. मी खिडकीबाहेर बघितलं, नातीने पाटी नेताना सांडलेली डाळ कोंबड्या टिपत होत्या. मी बराच वेळ कोंबड्याच बघितल्या.

आता गिरणी चालवायची तर वेग कानाने धरावा लागणार होता, आणि कान फक्त माझे होते. म्हणजे माझ्याशिवाय गिरणी चालणार नव्हती. हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी दट्ट्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला. तेव्हा मी एकदाच सांगण्याचा माझा नेम मोडला. पदर तोंडावरून बाजूला केला, त्यांच्याकडे नीट तोंड केलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मला एका जागी राहायचंय. मुखेडात. आपली न्हाणी असावी. आतून कडी लावून अंघोळ करावी."

त्यांनी सगळं शेवटपर्यंत बघितलं. मग जरा गोंधळूनच म्हणाले, "एवढंच हाय? मग थांबू की. हा हंगाम उरकून थांबू. आधी सांगायचं न्हाई का?"

मला वाटलं, आता रडू येईल, म्हणून मी तोंड फिरवलं. रडू आलं नाही. तोंड फिरवल्यावर त्यांना माझं काहीच कळणार नाही हे ध्यानात आलं, तशी मी परत त्यांच्याकडे वळले.

"राहून गेलं," मी म्हणाले.