गावकीनं ठरवलेलं कॉलेज

माझं कॉलेज आमच्या गावकीनं ठरवलं. हसू नका. लालबागला आमच्या गावची एक सामाईक खोली होती. गिरणीत काम करणारे गावचे बाप्ये तिथे राहायचे, वर्गणी काढायचे आणि देवळाच्या कौलांपासून कुणाच्या लग्नापर्यंत सगळ्याचा निकाल तिथेच लावायचे. कॉलेजचं दार त्यांच्यातल्या एकानंही पाहिलेलं नव्हतं.

माझी मॅट्रिक अजून व्हायची होती. बाजारात तुरी! पण चर्चा सुरू. एक कॉलेज सरकारी, फी बेताची. दुसरं गिरगावच्या पलीकडे, समुद्राजवळ, बड्यांच्या मुलामुलींचं. त्याची फी ऐकून आईनं कपाळाला हात लावला. "अंथरूण पाहून पाय पसरावे," ती म्हणाली. बाबांनीही मान डोलावली. मला मात्र तेच हवं होतं. अगदी जीव जळत होता त्यासाठी, पण विचारतंय कोण?

बैठकीत मामा उठला. माझा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता आणि गावकीत त्याच्या शब्दाला वजन होतं. "देवळाची कौलां अजून दोन पावसाळे काढतली," तो म्हणाला. "आमच्या गावचा चेडू थंयच शिकतला." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. झालं, देवळासाठी साठवलेली वर्गणी माझ्या त्या समुद्राजवळच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवायची असं ठरलं.

लगेच पुढच्या आठवड्यात तो गिरणीच्या दुकानातून पांढरंशुभ्र पातळ घेऊन आला. म्हणे, कॉलेजचा युनिफॉर्म! मी पोट धरून हसले. "अरे मामा, कॉलेजात युनिफॉर्म नसतो रे." त्याला पटेना. "बारक्या शाळेत असता, मग एवढ्या मोठ्या कॉलेजात नसतलो? गप ऱ्हव." आईनं ते पातळ ट्रंकेत ठेवून दिलं.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. एका सकाळी हरताळ पडला, गिरण्या बंद. मामा आईला म्हणाला, "रिकामो बसान काय करू? चेडवाचा कॉलेज बघून येतंय. पयल्या दिवशी मीच सोडतलंय, वाट नको ठावक?" आईनं नको नको म्हटलं. ट्राम बंद होत्या, म्हणून चालतच निघाला. गिरगावात गोळीबार झाला. संध्याकाळी तो आम्हाला हॉस्पिटलात सापडला, चादरीखाली. पायात चपला नव्हत्या.

गावकीनं त्याला हुतात्मा म्हटलं, खोलीत फोटो लावला. महाराष्ट्र त्यालाही हवाच होता, नाही कोण म्हणतंय? पण त्या दिवशी तो मोर्च्याला गेलाच नव्हता हो! माझ्या कॉलेजची वाट बघायला गेला होता. हे आईला, मामीला आणि मला ठाऊक होतं. आम्ही तिघी त्या फोटोला हार घालत राहिलो.

निकाल लागला, मला पहिला वर्ग मिळाला. गावकी पुन्हा बसली. गेलेल्या माणसाचा शब्द मोडायचा नाही, वर्गणी पोरीलाच, असं सगळे म्हणाले. दाराआड मामी बसली होती. एक पोर मांडीवर, दुसरं अंगावर पिणारं. बैठकीत बायकांनी बोलायची रीत नव्हती. मी बोलले. "ती वर्गणी मामीच्या पोरांना द्या. मी सरकारी कॉलेजात जाते." 'छे छे' करायला एकजण पुढे झाला, पण बाकीच्यांचे चेहरे सैल पडलेले मला दिसले. मेले, जरा भांडले तरी असते! त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले, मामासाठी आणि त्या कॉलेजसाठीही. कुणासाठी जास्त, ते मलाही सांगता येणार नाही.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी ट्रंकेतलं पांढरं पातळ काढून नेसले. मामी त्याच आठवड्यात मुलांना घेऊन गावी निघणार होती. मी तिच्या पाया पडले. तिनं माझा पदर बोटांत धरून चाचपला. मला वाटलं, आशीर्वाद देईल.

"सरकारी कॉलेजात चललंस?" तिनं विचारलं.

"हो गं मामी."

"मगे तो खंय गेल्लो गो?" ती म्हणाली. "सांग मका, मगे तो कशाक गेल्लो?"

तिनं पदर सोडला. मला उशीर होत होता, मी जिना उतरले.