गाठीला डिवचू नये

"गाठीला डिवचू नये, ती चवताळती," असं म्हणत आप्पा तर्जनी हवेत खुपसायचे आणि चटका बसल्यासारखी मागे घ्यायचे. असा एक सर्वज्ञ तुमच्याही गल्लीत असेल. लातूरला आमच्या गल्लीत त्यांचं किराणा दुकान होतं. साखर बांधता बांधता ते शेजाऱ्यापाजाऱ्यांचे आजार निकालात काढायचे. तोंडात तंबाखूचा तोबरा, समोरच्याच्या अंगावर तुषार. मला शिसारी यायची.

मी दवाखान्यात दुर्बिणीच्या खोलीत सिस्टर. दुर्बीण तोंडातून पोटात उतरवतात, तिच्या टोकाला सोनोग्राफी असते. आतली गाठ पडद्यावर दिसली की दुर्बिणीतूनच लांब सुई सोडून डॉक्टर गाठीतले कण काढतात. ते काचपट्टीवर पसरायचं काम माझं.

आप्पांच्या बायकोला, आमच्या काकूंना, कावीळ झाली आणि स्वादुपिंडाजवळ गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, सुई घालून बघू, सगळ्याच गाठी वाईट नसतात. काकू तयार होत्या, तसं मला त्यांनी हळूच सांगितलंही. पण आप्पांनी तर्जनी नाचवली. सुई लागली की कॅन्सर अंगभर पसरतो म्हणे. कॅन्सर आहे असं कुणीच म्हणालं नव्हतं. मी हात जोडले, तर मलाच दवाखान्याची दलाल ठरवलं. मग गावोगाव नेऊन काकूंच्या नाकात काविळीचा पाला पिळला. हळदीसारख्या पिवळ्या होऊन त्या गेल्या. भेटायला येणाऱ्यांना आप्पा सांगायचे, "निदान डिवचलं तर न्हाई." मी चहा तसाच ठेवून उठले.

पुढे मी नांदेडच्या दवाखान्यात लागले. गेल्या वर्षी बघते तर टेबलावर आप्पा! पोटातल्या गाठीला सुई लावून घ्यायला, लातुरात कळू नये म्हणून इतक्या लांब आलेले.

"माय, गल्लीत बोलू नको," ते म्हणाले.

बायकोची गाठ चवताळते, स्वतःची नाही. इतकी किळस मला कधी कुणाची आली नव्हती. तरी सुई आत जाताना ते थरथरले, तेव्हा मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला.

कणांतून टीबी निघाला. गोळ्यांनी बरा होणारा. पुन्हा दाखवायला आले तेव्हा गाल भरले होते. डॉक्टरांना भेटून झालं तरी दाराशी घुटमळत राहिले.

"माय, तिची बी अशीच आसंल का गं?"

"ते सुईनंच सांगितलं असतं, आप्पा."

काहीतरी बोलायला त्यांनी सवयीनं तर्जनी उचलली, तिच्याकडे बघितलं आणि मुठीत दाबून धरली. तसेच जिना उतरून गेले. पुन्हा आले नाहीत.