माझ्या आईचं नाव सिप्पोरा

टाळ्या वाजल्या तेव्हा माझे केस ओले होते.

शेरॉनच्या घरी, अमेरिकेत अल्फारेटाला. रविवार, सकाळचे साडेअकरा. टेबलावर केक. केकवर निळ्या क्रीमने माझं नाव आणि खाली 'वेलकम'. मी मनात म्हटलं, अगं बाई, आठ महिने झाले या मंडळात येऊन, आज कसलं वेलकम? तेवढ्यात शेरॉनने माझ्या हातात एक जाड कागद ठेवला. सोनेरी किनार. तिचे डोळे भरलेले. म्हणाली, "नाउ नोबडी कॅन एव्हर डाउट यू."

मी कागद वाचला. डाव्या बाजूला इंग्रजी, उजव्या बाजूला हिब्रू. मला दोन्ही येतात. दोन्हीकडे एकच लिहिलेलं. या बाईने आज साक्षीदारांसमक्ष शुद्धिस्नान करून ज्यू धर्म स्वीकारला. खाली माझं नाव. नावापुढे, अब्राहाम आणि सारा यांची मुलगी.

माझ्या बापाचं नाव बिन्यामिन. आईचं नाव सिप्पोरा. ती जिवंत आहे, ऐंशी ओलांडलीय, इस्राएलला डिमोनात राहते आणि अजून स्वतःची भाकरी स्वतः थापते.

आमच्यात नव्याने धर्मात येणाऱ्या माणसाला असं नाव देतात. त्याचे आईबाप ज्यू नसतात ना, म्हणून मूळपुरुष आणि मूळमाताच आईबाप म्हणून लिहायचे. येणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. मनापासून येतात बिचारे, वर्षवर्ष अभ्यास करतात. पण मी आले नव्हते. मी होते. माझी आई होती, तिची आई होती.

आणि या बायका टाळ्या वाजवत होत्या.

नीट सांगते. माझी आई अलिबागजवळच्या नवगावची. आम्ही बेने इस्राएल. कोकणातले ज्यू. गावात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे, कारण तेलाचा घाणा चालवायचा आमचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद. शेकडो वर्षं शनिवारी घाणा बंद. कुणी सांगायला नव्हतं, कुणी बघायला नव्हतं, तरी बंद. आई अठरा वर्षांची असताना घरच्यांबरोबर इस्राएलला गेली. तिथे बिन्यामिन भेटला. मोरोक्कोकडचा, कारखान्यात फिटर. लग्न ठरलं. नोंदणीला दोघं गेले तर कचेरीतला माणूस आईला म्हणाला, "तुमचं काही खात्रीचं नाही. आधी मिक्व्यात बुडून या. कागद आणा. मग बघू."

मिक्वा म्हणजे शुद्धिस्नानाचं कुंड. आई म्हणाली, "मी सकाळीच आंघोळ करून आलेय."

तो म्हणाला, "मग तुमच्या लोकांतच करा की लग्न."

आई बुडाली नाही. दोन वर्षं लग्नाविना थांबली. बिन्यामिनच्या घरचे नाकं मुरडायचे, शेजारणी कुजबुजायच्या. तिच्यासारख्या बऱ्याच जणी होत्या, रस्त्यावर बसल्या, ओरडल्या. पुढे नियम सैल झाला तेव्हा ती लग्नाला उभी राहिली. कोरडी. हा शब्द तिचाच. आम्हा भावंडांना सांगायची, "मी कोरडी लग्नाला उभी राहिले."

मी तिथेच जन्मले, तिथेच वाढले. सैन्यात दोन वर्षं वायरलेसवर होते. नवऱ्याच्या नोकरीपायी अमेरिकेत आले, आता वीस वर्षं झाली. इथल्या मराठी लोकांत गेलं की एखादी काकू विचारते, "तुम्ही ज्यू? पण मराठी किती छान बोलता!" जणू मी दूतावासातून आलेय. ते मी हसून सोडून देते. त्यात विष नसतं.

या मंडळात मी गेले ती याएलसाठी. याएल माझी मुलगी, सोळा वर्षांची. इस्राएलच्या आणि इस्राएलबाहेरच्या ज्यू बायकांमध्ये समजूत वाढावी, म्हणून शेरॉनने हे मंडळ काढलेलं. महिन्यातून एक रविवार, तिच्या बेसमेंटमध्ये. आणि उन्हाळ्यात मंडळातल्या मुलींना सहा आठवडे इस्राएलला पाठवायचं. याएलच्या दोन मैत्रिणी जाणार होत्या. सहा आठवड्यांतला एक आठवडा तिला आजीकडे राहायला मिळणार होता. तिकिटाचे पैसे कधी जमले नाहीत, आजीला तिने फक्त फोनवर पाहिलेलं. पोरीचा जीव त्यात अडकलेला. म्हणून मी गेले.

पहिल्या दिवशी शेरॉनने खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या. इकडे इस्राएली, तिकडे अमेरिकन. मी आत शिरले तर मला म्हणते, "यू कॅन सिट एनीव्हेअर!" बाकी सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. मी इस्राएली बाजूला बसले. शेजारी ओरना. जेरुसलेमची, नवरा रब्बी, म्हणजे आमचा धर्मगुरू, तीन वर्षांसाठी इथे आलेला. मी सैन्याचं सांगितलं तर ओरनाने विचारलं, "किचनमध्ये होतीस?"

वायरलेसवर, मी म्हटलं.

"अच्छा," ती म्हणाली. असं म्हणाली जसं मी थाप मारतेय.

आठ महिने त्या बायका भांडल्या. काय भांडल्या! इस्राएलच्या म्हणायच्या, आमची मुलं रणगाड्यात बसतात आणि तुम्ही इथे बसून आम्हाला शहाणपणा शिकवता. अमेरिकेच्या म्हणायच्या, तुम्ही आमच्या रब्बींना रब्बी मानत नाही, आमची लग्नं लग्नं मानत नाही. रडायच्या, उठून जायच्या, पुन्हा यायच्या. एकाही गोष्टीवर एकमत नाही. प्रार्थना कशी करायची यावर नाही, कॉफी कशी करायची यावरसुद्धा नाही. मी मध्ये बोलले की दोन्हीकडच्या थांबायच्या, मान हलवायच्या, आणि मग जिथे सोडलं होतं तिथून पुढे भांडायच्या.

सहाव्या रविवारी प्रत्येकीने आपल्या आईची गोष्ट सांगायची होती. मी सांगितली. कचेरी, कुंड, दोन वर्षं. सगळ्या रडल्या. शेरॉनने मला मिठी मारली. ओरनासुद्धा रडली. मला वाटलं, चला, झालं. पोचलं. वेडी मी. त्या रात्री नवऱ्याला म्हटलंसुद्धा, बघ, बायका शेवटी बायकांना समजतातच.

आठव्या रविवारची टूम शेरॉनचीच. सगळ्यांनी मिळून मिक्व्यात जायचं. कुंडात शिरताना कपडे नाहीत, दागिने नाहीत, नखाला रंगसुद्धा नाही. कोण इस्राएली, कोण अमेरिकन, कळायला वावच नाही. मी त्या पाण्यात कधीच उतरले नव्हते. आईने उतरू दिलं नाही, मीही उतरले नाही. पण शेरॉन म्हणाली, "एव्हरीवन. टुगेदर." मी विचार केला, आईला एकटीला बुडवणार होते. इथे आठही जणी बुडतायत. हे वेगळं आहे. इतकी वर्षं काय मी आईचा राग सांभाळत बसू?

त्या सकाळी माझा नंबर शेवटचा लावला. मी पाण्यात उतरले. काठावर ओरना आणि शेरॉन. तीनदा बुडले. तिसऱ्यांदा वर आले तेव्हा अर्धवट उघड्या दारामागून पुरुषाचा आवाज आला. ओरनाचा नवरा. त्याने हिब्रूत विचारलं, "धर्माचा भार स्वीकारतेस?" मी दचकले. हात छातीवर घेतले. ओरना हळूच म्हणाली, हो म्हण. मला वाटलं सगळ्यांना विचारतात. मी म्हटलं, "हो." दारामागे आणखी दोघा पुरुषांनी आमेन म्हटलं.

सगळ्यांना विचारत नाहीत. फक्त मला विचारलं. मी नागवी, पाण्यात गळ्यापर्यंत, आणि दारामागे तीन पुरुष माझं कोण असणं ठरवत होते. आणि मी हो म्हटलं.

तिथून सगळ्या शेरॉनच्या घरी आलो. तो कागद त्याचाच.

मी शेरॉनला विचारलं, "हे काय आहे?"

तिने सांगितलं. तुझी गोष्ट ऐकल्यापासून आमच्या जिवाला चैन नव्हतं. इतकं दुःख, एका कागदापायी! ओरनाच्या नवऱ्याने सुचवलं. आधी सांगितलं असतं तर तुला अवघडल्यासारखं झालं असतं. म्हणून सरप्राइझ.

मग ओरना म्हणाली, "आता फक्त याएलचं राहिलं. ती तुझ्या आधीची ना. पुढच्या महिन्यात तिला घेऊन ये, दोन मिनिटांचं काम आहे. मग तिचा इस्राएलचा फॉर्म पुढे जाईल."

तुझ्या आधीची. कळलं का तुम्हाला? आमच्यात ज्यूपण आईकडून येतं. मी आज ज्यू झाले, तर माझी आई ज्यू नव्हती. आणि मी आज झाले, तर सोळा वर्षांपूर्वी माझ्या पोटी आलेली पोर ज्यू नाही. एका कागदाने मागचीही गेली आणि पुढचीही गेली. मध्ये मी एकटी. ओले केस घेऊन, केकसमोर.

आणि डोक्यात तिडीक गेली ती यासाठी की आठ महिन्यांत या बायकांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. इस्राएलची आणि अमेरिकेची, कडवी आणि उदार, सगळ्या एका बाजूला. ही खात्रीची नाही, यावर एकमत. त्यांच्यात समजूत वाढली. ती माझ्या अंगावरून वाढली.

मी बाहेर गाडीत जाऊन बसले. आईला फोन लावला. डिमोनात संध्याकाळ होती. मी म्हटलं, "आई, मला फसवलं." सगळं सांगितलं. तिने विचारलं, "बुडालीस?"

"हो."

"आणि हो म्हणालीस?"

"हो."

"मग मी दोन वर्षं कशाला थांबले गं?"

फोन ठेवला तिने. माझ्या आईने मला आयुष्यात मारलेलं नाही. त्या दिवशी मारलं असतं तर बरं झालं असतं. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले, गळा काढून रडले. लाजेने रडले. दुसऱ्याने केलेला अपमान माणूस कसाबसा गिळतो. आपण 'हो' म्हणून हातभार लावलेला असतो, तो गिळता येत नाही.

मग नाक पुसलं आणि आत गेले.

केक कापून झाला होता. माझ्यासाठी तुकडा ठेवला होता, माझ्या नावाचाच. मी कागद टेबलावर ठेवला. म्हटलं, "हे परत घ्या. आणि रब्बींच्या वहीत माझी नोंद झाली असेल ती माझ्यासमोर खोडा."

ओरना म्हणाली, "ती खोडता येत नाही. झालं ते झालं."

शेरॉन रडायला लागली. "वी डिड इट आउट ऑफ लव्ह."

मी म्हटलं, "कोकणात आमच्याकडे याला शब्द आहे. बाटवणं. तुम्ही मला नाही बाटवलं. माझ्या आईला बाटवलंत, ती दहा हजार किलोमीटरवर बसलेली असताना. आणि मला केक देताय?"

बाटवणं त्यांना समजलं नाही. मी समजावलं नाही. एक जण म्हणाली, शांत हो, आपण यावर पुढच्या वेळी शेअर करू. शेअर! मी पर्स उचलली.

याएलला घरी येऊन सांगितलं. तिने सगळं ऐकलं, मग म्हणाली, "मॉम, आय'ल जस्ट डू इट. इट्स टू मिनिट्स."

मी म्हटलं, "नाही."

"देन आय डोन्ट गेट टू गो."

"मग नाही जायचं."

"यू आर डुइंग धिस टू मी. नॉट देम. यू."

मी म्हटलं, "हो. मीच."

दार आपटून गेली. पाच आठवडे धड बोललेली नाही. मैत्रिणींनी बॅगा घेतल्या, फोटो पाठवले, हिने फोन उलटा ठेवला. आजीला भेटायचं होतं तिला. आजीला न भेटण्याची शिक्षा मी तिला आजीसाठीच देतेय, हे मला कळतं. कुणी सांगायला नको. रात्री तिच्या खोलीचा दिवा बघते आणि वाटतं, बुडव पोरीला दोन मिनिटं आणि मोकळी हो. मोकळी? तिच्या मुलीला उद्या कुणी म्हणेल, तुझं काही खात्रीचं नाही. मग ती पण बुडेल. हे कुठे थांबणार?

मंडळ मी सोडलेलं नाही. सगळ्यांना वाटलं सोडेन. मागच्या रविवारी गेले. ठरलेल्या विषयाआधी उभी राहिले आणि म्हटलं, माझ्या आईचं नाव सिप्पोरा, तिच्या आईचं नाव रिबका, तिच्या आईचं नाव मलका, नोंद खोडली का? ओरना छताकडे बघत होती. शेरॉन म्हणाली, आपण पुढे जाऊ या का? मी म्हटलं, जा, मी बसलेय. बसले. पुढच्या महिन्यात हेच विचारणार. त्याच्या पुढच्याही.

याएलचा फॉर्म माझ्याकडे आहे. त्यात एक ओळ आहे, आई ज्यू कशी: जन्माने की धर्मांतराने. धर्मांतराने असेल तर दाखला जोडा. मी 'जन्माने'वर खूण केली, काही जोडलं नाही. परत आला. वर सहलीच्या कचेरीची चिठ्ठी, तुमची नोंद वेगळं सांगते. मी पुन्हा 'जन्माने'वर खूण केली. पुन्हा परत आला. काल तिसऱ्यांदा भरला. पेन इतकं दाबलं की खालच्या पानावर उमटलं. याएल स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती, रागाने, आणि मी तिच्यादेखत पाकीट चिकटवलं.