सरांचा दुसरा हुंदका

चहा खाली ठेवा आधी, नाहीतर ठसका लागेल. झाशीत माझ्याएवढा गाढवपणा कुणी केला नसेल!

कॉलेज सोडून मी घरी बसलेलो. बाबा रेल्वेत. त्यांनी ओळखीत ओळख काढून मला दतिया गेटजवळच्या शूटिंगवर चिकटवलं. वर दम, “इथून हाकललं, तर मुकाट्याने कॉलेजात.”

ही सरांची मालिका. सर म्हणजे टीव्हीवरचे एकेकाळचे प्रेमळ दादा. केस गेले तसे दिग्दर्शक झाले, आणि कुणी बोलवेना तेव्हा निर्माते. मोठ्या माणसांचं असंच असतं, खुर्ची सुटत नाही.

पहिल्याच सकाळी सर छाती धरून धाडकन कोसळले. मी धावलो, पाण्याचा अख्खा जग तोंडावर ओतला!

“अरे गाढवा! मी मरून दाखवत होतो!”

त्यांची असिस्टंट, नेहा दीदी, मला बाजूला घेऊन म्हणाली, “भैया, सर हर सीन खुद करके दिखाते हैं. बीच में मत कूदना. बस ताली बजाना.”

आता सांगा, यात माझं काय चुकलं? दुपारी जिन्याखाली बघतो तर सर हातात फोन धरून ढसाढसा रडतायत. “संपलं! सगळं संपलं!”

खरं की खोटं? पाणी ओतलं तर नोकरी गेली. मग? वाजवल्या टाळ्या! सर बघतच राहिले. मला वाटलं, अभिप्राय हवाय.

“सर, छान. पण हुंदका जरा खोटा वाटला.”

सरांनी डोळे पुसले. “कुठला?”

“दुसरा.”

तेवढ्यात दीदी धावत आली. “सर, चैनल ने सच में सीरियल बंद कर दिया?”

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं! सर माझ्याकडे बघत दाराकडे बोट दाखवून एवढंच म्हणाले, “निघ.” हे मात्र अजिबात खोटं वाटलं नाही.

घरी बाबांना सगळं सांगितलं. सांगता सांगता रडायलाच आलं. खरंखुरं, नाक गळेपर्यंत! आई पदर घेऊन पुढे आली. बाबांनी तिला हातानेच थांबवलं, शांतपणे शेवटपर्यंत ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या.

“दुसरा हुंदका झकास. उद्या प्रिन्सिपलसमोर अगदी असाच दे.”